आर्मेचरमधली चिठ्ठी

मोटर जळली त्या दिवशी शोभनाताईंचं नाव सगळ्यांना एकदम आठवलं.

त्याआधी तीन महिने ते नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. म्युझियमच्या पाटीवर नाही, फेसबुकच्या पानावर नाही, उद्घाटनाच्या भाषणातही नाही. भाषणात कॉफी करणाऱ्या बाईंचेसुद्धा आभार मानले होते, हो! पण जूनमधल्या त्या शनिवारी पोर्तोहून आणलेल्या ट्रामच्या पोटाखालून धूर निघाला, आतली वीस-बावीस माणसं आरडाओरडा करत खाली उतरली आणि म्युझियमचा अध्यक्ष वॉल्टर काठी टेकत येऊन गरजला, "हे काम कुणाचं?" तेव्हा संजयने क्षणाचाही वेळ लावला नाही.

"शोभनाने केलंय वाइंडिंग," तो इंग्रजीत म्हणाला. "सगळं तिनेच केलंय. मी फक्त सही केली. शिकलेली नाहीये ती तशी, पण मी विश्वास ठेवला."

शोभनाताई तीन हातांवर उभ्या होत्या. त्यांना इंग्रजी फारसं बोलता येत नव्हतं, पण एवढं कळायला काही ऑक्सफर्डला जावं लागत नाही. त्या संजयकडे बघत राहिल्या. तो धुराकडे बघत होता.

शिकलेली नाही! एकोणतीस वर्षं नागपूरच्या आयटीआयमध्ये ज्या बाईने मोटर वाइंडिंग शिकवलं, ती म्हणे शिकलेली नाही. जळकी मोटर उघडायची, आतली तांब्याच्या तारेची करपलेली वेटोळी काढून टाकायची, नवी भरायची आणि मेलेली मोटर उठवून उभी करायची, हा त्यांचा धंदा. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं आज भिलाईच्या कारखान्यापासून दुबईपर्यंत कुठेकुठे आहेत. निवृत्त झाल्या, यजमान गेले, मग मुलाने, परीक्षितने, त्यांना टेक्सासात अर्विंगला आणलं. पहिले सहा महिने त्यांनी खिडकीतून शेजाऱ्याचं लॉन बघितलं. लॉन वाढायचं, कापलं जायचं, पुन्हा वाढायचं. बाई कंटाळून अर्ध्या झाल्या.

संजय भेटला तो मिक्सरमुळे. हा परीक्षितच्या ऑफिसातला, पुण्याचा, चव्वेचाळीस वर्षांचा, डेटाबेसचं काम करणारा. आईने दिलेला भारतातला मिक्सर त्याने इथल्या विजेवर कसलासा डबा लावून चालवला आणि जाळला. "टाकू नको, माझ्या आईला दाखव," परीक्षित म्हणाला. शोभनाताईंनी डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि गप्पा मारता मारता मिक्सरचं आर्मेचर, म्हणजे मोटरच्या आत फिरणारा तो तारा गुंडाळलेला गाभा, नव्याने भरून दिलं. संजय चहा विसरून बघत बसला.

"ताई, तुम्ही मोठी मोटर केलीय कधी?"

"खाणीतल्या पंपाची केलीय. माझ्याहून उंच होती. तुझी केवढी आहे?"

तेव्हा त्याने ट्रामचं सांगितलं. अर्विंगहून पाऊण तासावर एका जुन्या धान्याच्या गोदामात काही हौशी मंडळींनी ट्रामचं म्युझियम मांडलं होतं. बाहेर दीड मैलाचे रूळ, आत चार गाड्या. त्यातली एक पोर्तुगालमधल्या पोर्तो गावातून आलेली, आणि तिच्या दोन मोटरींपैकी एक पार मेलेली. कुणी वाइंडर मिळत नव्हता. मिळणार कुठून? या देशात जळलं की टाकतात.

दुसऱ्याच शनिवारी संजय त्यांना गाडीत घालून घेऊन गेला. आणि मग तो नेमच झाला. शनिवार, रविवार, पुढे पुढे बुधवारीही. परीक्षित म्हणायचा, "आई, तू तर माझ्यापेक्षा बिझी झालीस यार." त्यावर शोभनाताई म्हणायच्या, "मग काय तुझं लॉन बघत बसू?"

दुपारी साडेबारा वाजले की संजय डबा उघडायचा. बायको अहमदाबादची, तिला मराठी जेवणाचं वेड नाही, म्हणून हा स्वतः करायचा. भरली वांगी, ज्वारीची भाकरी, कधी मूगडाळीची खिचडी. ट्रामच्या लाकडी बाकावर समोरासमोर बसून दोघं जेवायचे आणि संजयचं सुरू व्हायचं. हा कधीतरी कंपनीच्या कामाने चार दिवस पोर्तोला गेला होता, नदीकाठच्या ट्राममध्ये बसला आणि जो झपाटला तो झपाटलाच.

"ताई, १८७२ साली तिथं पहिली ट्राम आली ती खेचरं ओढायची. आणि लोक तिला काय म्हणायचे माहितीये? अमेरिकानो! कारण ही कल्पनाच अमेरिकेतून आलेली."

"म्हणजे ही बया आता माहेरी आलीय म्हण की."

"तसंच! मग १८९५ मध्ये विजेची ट्राम. अख्ख्या स्पेन-पोर्तुगालमध्ये पहिली. नुसती माणसं नाही वाहायची. कोळसा वाहायची. मासळीची वेगळी ट्राम होती, बंदरातून निघायची ती थेट गावात."

"मेला, वास काय सुटत असेल!"

"आणि गाव कसलं, ताई, सगळा चढ. दोरू नदीपासून वर चढताना माणसाचा जीव जातो. तिथं या गाड्यांनी शंभर वर्षं माणसं वर नेली. आणि मग साठ-सत्तरच्या दशकात गावाने ठरवलं, बस पाहिजे. रूळ उखडले. ब्रागाच्या ट्राम गेल्या, कुइंब्राच्या गेल्या, पोर्तोच्या सगळ्या गेल्या, दोन-चार मार्ग राहिले. गाड्या भंगारात काढल्या, काही अशा परदेशात विकल्या. चाळीसेक वर्षांनी अक्कल आली, तेव्हा पुन्हा नवे रूळ टाकले. पण या गाड्यांना कुणी परत बोलावलं नाही." हे सांगताना त्याचा आवाज भरून यायचा. "ज्यांनी शंभर वर्षं राबावं, त्यांना असं काढायचं?"

शोभनाताईंना त्याचं कौतुक वाटायचं. पोरगा हळवा आहे, त्या मनात म्हणायच्या. पाठचा भाऊ नव्हता त्यांना. इतक्या वर्षांनी, इतक्या लांब, मिळाला असं वाटायचं, आणि ते त्यांनी निधीला, दुसऱ्या राज्यात चँडलर गावी राहणाऱ्या आपल्या लेकीला, फोनवर सांगितलंही होतं.

सप्टेंबरात एकदा जुनं वाइंडिंग काढताना त्यांच्या बोटांना काहीतरी लागलं. तारांच्या टोकांवर घट्ट फीत गुंडाळलेली असते, मोटर वेगात फिरली की तारा बाहेर उडू नयेत म्हणून. त्या फितीखाली वॉर्निशने तपकिरी झालेला, बोटभर लांबीचा कागद होता. त्यावर पेन्सिलीची अक्षरं. शोभनाताई मटकन खाली बसल्या.

"काय झालं ताई?"

"चिठ्ठी आहे रे! अरे बापा, इथंही चिठ्ठी!"

हे समजायला हवं असेल तर नागपूरला जायला हवं. शोभनाताई आयटीआय संपवून एकोणिसाव्या वर्षी ज्या उस्तादांकडे काम शिकल्या, त्यांच्या दुकानात एक रीत होती. मोठी मोटर भरली की शेवटची फीत बांधण्याआधी वाइंडरने आपल्या नावाची चिठ्ठी आत ठेवायची. नाव, गाव, साल. बाहेर पाटी लावणारा लावो, आतलं नाव ज्याचा हात लागला त्याचं. पुढे तीस-चाळीस वर्षांनी कुणी ती मोटर उघडली आणि वाइंडिंग वयाने गेलेलं निघालं, तर त्याने जुनी चिठ्ठी सन्मानाने परत आत ठेवायची आणि शेजारी आपली. पण मोटर वर्षाच्या आत जळाली तर? तर ती चिठ्ठी बाहेर काढायची आणि दुकानाच्या भिंतीवर खिळ्याला टांगायची, जळक्या तारेच्या तुकड्यासकट. येणाराजाणारा बघेल. "ज्याची चिठ्ठी, त्याचा दोष," उस्ताद म्हणायचे. "तिथं रडायचं नाही." शोभनाताईंची चिठ्ठी त्या खिळ्यावर एकदाच चढली होती, विसाव्या वर्षी. ती त्या अजून विसरल्या नव्हत्या.

संजयने फोन पुढे धरून पोर्तुगीज अक्षरांचा अर्थ काढला. 'अर्मिंदो. मे १९४७. आज जेवण राहिलं.'

दोघं खूप हसली. मग शोभनाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. कोण कुठला हा अर्मिंदो, पंचाहत्तर वर्षांपूर्वी उपाशीपोटी फीत बांधत बसलेला. त्याचं वाइंडिंग वयाने गेलं होतं, खोटेपणाने नाही. एकेक वेटोळं मापात बसलेलं होतं.

ऑक्टोबरच्या शेवटी त्यांचं काम संपत आलं. संजयने हट्ट धरला म्हणून त्यांनी त्याला फीत बांधायला शिकवलं. त्याच्या हाताला ताणच येईना. "सैल बांधतोस रे. ट्रामची मोटर आहे, पोरीची वेणी नाही." शिवाय शोभनाताई डावखुऱ्या, त्यांचे फेरे एका दिशेचे, आणि संजयचे उलट्या. त्यांनी त्याचे फेरे सोडवले आणि स्वतः बांधले. बांधण्याआधी अर्मिंदोची चिठ्ठी जागेवर ठेवली आणि शेजारी आपली. आपल्या चिठ्ठीवर काय लिहिलं ते त्यांनी कुणाला दाखवलं नाही. मग सगळ्याला वॉर्निश पाजलं, रंगाच्या कारखान्यातल्या भट्टीत भाजून घेतलं आणि मोटर दोन तास टेबलावर पळवून बघितली. मांजरीसारखी गुरगुरत होती.

आठवड्याने त्या निधीच्या बाळंतपणाला चँडलरला गेल्या. नात झाली. तीन आठवड्यांचे तीन महिने झाले. परत आल्या तोवर मोटर गाडीखाली बसलेली होती आणि उद्घाटनाची तारीख ठरली होती.

उद्घाटनाला शोभनाताई जरीकाठी साडी नेसून गेल्या. दारात पितळेची नवी पाटी होती. मोटर पुनर्निर्माण: संजय, असं तीवर कोरलेलं. त्यांनी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं.

"ताई, ते इन्शुरन्सचं लफडं आहे," संजयने त्यांना बाजूला नेऊन सांगितलं. "इथलं सर्टिफिकेट लागतं. तुमचं नाव टाकलं असतं तर गाडी चालवायला परवानगीच मिळाली नसती. मी म्हटलं, गाडी चालणं महत्त्वाचं. बरोबर ना?"

"बरोबर," शोभनाताई म्हणाल्या.

तेव्हा त्यांना सुचलंच नाही की संजयकडे तरी कुठलं सर्टिफिकेट आहे, तो तर डेटाबेसवाला. वॉल्टरला विचारावं, तर तो खुब्याच्या दुखण्याने वर्षभर घरीच, हिवाळ्यात ऑपरेशनही झालेलं. गोदामात काय चाललंय ते त्याला संजय सांगेल तेवढंच ठाऊक. घरी आल्यावर परीक्षित मात्र भडकला. "आई, केसाने गळा कापलाय त्याने तुझा!" त्या म्हणाल्या, "जाऊ दे रे. आत माझी चिठ्ठी आहे." आणि खरंच, तेवढ्यावर त्यांना झोप लागली. पाटी बाहेरची. आतलं नाव आतलं. दर शनिवारी त्या ट्रामपाशी उभ्या राहायच्या, आलेल्या लोकांना मोडक्या इंग्रजीत खेचरांची आणि मासळीच्या ट्रामची गोष्ट सांगायच्या, आणि गाडी हलली की चाकांच्या आवाजात कान लावून आपल्या मोटरचा आवाज वेगळा काढायच्या.

डबा मात्र बंद झाला होता. संजयला आता वेळ नसायचा. पेपरवाले यायचे, शाळांच्या सहली यायच्या, तो सगळ्यांना मोटर कशी भरली ते सांगत फिरायचा. शोभनाताई लांबून ऐकायच्या. आयत्या बिळावर नागोबा, असं एकदा मनात आलं, तर त्यांनी स्वतःलाच दटावलं.

आणि मग जूनमध्ये मोटर जळली.

त्या रात्री शोभनाताईंनी मनातल्या मनात अख्खी मोटर पुन्हा भरली. कुठे चुकलं? तारांमध्ये घालायचा कागद कमी पडला? भट्टीत कमी भाजलं? जोडाला शिसं नीट धरलं नाही? चूक आपली असू शकते, हे त्यांनी पहिल्यांदा धरलं. एकसष्ट वर्षांचे हात आहेत, चुकले असतील. खरं सांगायचं तर संजय जे बोलला त्यापेक्षा याचीच भीती जास्त होती. मोटर नीट चालली तेव्हा नाव त्याचं, जळली तेव्हा आपलं, हा अन्याय झाला. पण चूक खरंच आपली निघाली तर त्याला अन्याय तरी कसं म्हणायचं?

पुढच्या शनिवारी मोटर खाली उतरवली. वॉल्टर खुर्ची टाकून बसला होता. कमिटीचे आणखी दोघं होते. संजय आला तो घाईघाईने.

"ताई, उघडायची कशाला?" तो मराठीत म्हणाला, अगदी मऊ आवाजात. "कशाला त्रास? पेनसिल्व्हेनियात एक शॉप आहे, बंद मोटर तशीच पाठवून देऊ. मी वॉल्टरशी बोलतो. तुम्हाला कुणी काही बोलणार नाही, माझी जबाबदारी."

शोभनाताईंना एक क्षण वाटलं, आपली लाज राखतोय. शेवटी पोरगा वाईट नाही. एवढं सगळं होऊनही त्यांना तसं वाटलं, बघा.

"नाही रे," त्या म्हणाल्या. "जळली तर उघडायलाच पाहिजे. रीत आहे."

त्यांनी चष्मा चढवला आणि झाकण काढलं. करपलेल्या वॉर्निशचा वास घशात गेला. आर्मेचर टेबलावर घेतलं. एका टोकाची फीत सुटून चिंध्या झाली होती, तिच्याखालच्या तारा वर उचकटून घासल्या होत्या, तिथंच काळा कोळसा झाला होता. म्हणजे फीत सैल झाली. फीत त्यांनी स्वतः बांधली होती.

मग त्यांनी उरलेली फीत बोटाने चाचपली. पुन्हा चाचपली. फेरे उलटे होते.

त्यांनी दुसऱ्या टोकाची फीत बघितली. ती त्यांची, डाव्या हाताची, दगडासारखी घट्ट, वॉर्निशने तांबूस आणि चकचकीत. आणि ही पहिली, उजव्या हाताची, कोरडी. हिला वॉर्निश लागलंच नव्हतं. ही भट्टीत गेलीच नव्हती.

शोभनाताईंनी मान वर केली नाही. कात्रीने फीत कापली आणि खाली बोट घातलं. अर्मिंदोची चिठ्ठी होती तिथंच होती. तिच्या शेजारी दुसरी. तिचा एक कोपरा जळला होता, बाकी ती पांढरी होती. प्रिंटरचा कागद, काळ्या मार्करची अक्षरं. 'संजय. अर्विंग, टेक्सास. २०२३.'

भट्टीत गेलेली चिठ्ठी पांढरी राहत नाही.

त्यांना आधी रागच आला नाही. पाटी त्यांनी सोडून दिली होती, भाषण सोडलं होतं, पेपरमधला फोटो सोडला होता, कारण या एवढ्याशा जागेत त्या होत्या. तिथूनही त्यांना काढलं होतं.

"माझी कुठाय?" त्यांनी विचारलं.

वॉल्टर विचारत होता काय सापडलं, पण दोघांपैकी कुणीच त्याच्याकडे बघितलं नाही.

"संजय, माझी चिठ्ठी कुठाय?"

"टाकली, ताई."

"कधी?"

"तुम्ही चँडलरला गेला होता तेव्हा. फक्त फीत कापली आणि परत बांधली. मला वाटलं, काही फरक पडणार नाही."

"वाचलीस का टाकायच्या आधी?"

तो जमिनीकडे बघत होता. खोटं बोलला असता तर बरं झालं असतं, असं शोभनाताईंना पुढे कितीदा वाटलं. पण तो म्हणाला, "वाचली."

चिठ्ठीवर त्यांनी लिहिलं होतं: 'शोभना, नागपूर. ऑक्टोबर २०२३. अर्मिंदोभाऊ, माझं जेवण झालं. संजयने डबा आणला होता.'

"वाचून टाकलीस?"

"ताई, या गाडीसाठी मी तीन वर्षं राबलो," तो एकदम बोलायला लागला. "हिला भंगारातून मी शोधली. कागदपत्रं मी केली. तुम्हाला मी आणलं. आणि पन्नास वर्षांनी कुणी मोटर उघडेल तर त्याला काय दिसणार? संजय म्हणजे डबा आणणारा! मला तिथं फक्त डब्यापुरतं ठेवलंत तुम्ही."

"अरे, डब्यापुरतं?" शोभनाताईंचा आवाज फुटला. "डबा ही काय लहान गोष्ट होती माझ्यासाठी? या देशात मला 'जेवलात का' म्हणून विचारणारा तू एकटा होतास. म्हणून लिहिलं ना मी! मला सांगितलं असतंस, मला नाव पाहिजे, तर दोन्ही नावं लिहिली असती रे. तुझं आधी लिहिलं असतं."

त्यावर तो रडायला लागला. शोभनाताईंना पाझर फुटला नाही. इतके दिवस त्यांनी त्याच्यासाठी सबबी शोधल्या होत्या, आता एकही उरली नव्हती.

"ताई, वॉल्टरला नका सांगू. प्लीज. मी पाटी बदलतो. मी सगळं बदलतो. हे बाहेर गेलं तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"मी कुणाला काही सांगणार नाही," शोभनाताई म्हणाल्या. "सांगायची गरज नसते."

त्यांनी कोळसा झालेल्या तारेचा वीतभर तुकडा कापला. तो पांढऱ्या चिठ्ठीतून ओवला. भिंतीवर हत्यारं टांगायच्या फळीजवळ एक मोकळा खिळा होता, त्याला तो अडकवला, अगदी डोळ्यांच्या पातळीवर. मग वॉल्टरकडे वळून, जमेल तशा इंग्रजीत, शब्द शोधत शोधत, त्यांनी एवढंच सांगितलं की त्यांच्या उस्तादांच्या दुकानात वर्षाच्या आत जळलेल्या मोटरीतली चिठ्ठी अशी टांगतात. आत ज्याचं नाव निघेल, त्याचा दोष.

वॉल्टर काठी टेकत उठला. भिंतीजवळ गेला. चिठ्ठी वाचली. मग टेबलापाशी येऊन दोन टोकांच्या दोन फिती बघितल्या, एक तांबूस, एक पांढरी, एकीचे फेरे इकडे आणि दुसरीचे तिकडे. चाळीस वर्षं रेल्वेत काढलेला माणूस होता तो. नुसतं संजयकडे बघितलं, आणि संजय किल्ल्या टेबलावर ठेवून निघून गेला.

पाटी बदलली. तीवर आता शोभनाताईंचं नाव आहे, स्पेलिंगही बरोबर आहे. परीक्षितने तिचा फोटो काढून नागपूरला सगळ्यांना पाठवला. शोभनाताईंना त्या पाटीपाशी उभं राहावंसं वाटत नाही. संजयचा एक मेसेज आला होता, 'सॉरी ताई', तो त्यांनी पुसला नाही आणि त्याला उत्तरही दिलं नाही.

मोटर त्यांनी पुन्हा भरायला घेतली. परीक्षित म्हणाला, "कशाला आता? जाऊ दे ना." त्या म्हणाल्या, "गाडीने काय केलंय माझं?" शनिवार, रविवार, बुधवार, परीक्षित त्यांना सोडायचा आणि न्यायचा. काम तसंच, हात तेच. फक्त साडेबारा वाजले की त्यांची मान आपोआप दाराकडे वळायची. मग त्या स्वतःवरच चिडायच्या आणि ट्रामच्या बाकावर एकट्या जाऊन बसायच्या.

ऑगस्टच्या शेवटी शेवटची फीत बांधायची वेळ आली. अर्मिंदोची चिठ्ठी त्यांनी जपून ठेवली होती, ती जागेवर ठेवली. मग आपल्यासाठी कागदाचा बोटभर तुकडा कापला, पेन्सिलीला टोक केलं आणि बराच वेळ विचार केला. शेवटी लिहिलं:

'शोभना, नागपूर. ऑगस्ट २०२४. दुसऱ्यांदा. डबा माझा मी आणला होता.'